पावडरचा डबा, सोयाबीनचं पोतं आणि दीडशे वर्षं जुना एक प्रश्न

२०२४च्या दिवाळीत शेलूबाजारला गेलो होतो. घरात सोयाबीन विकण्याची गडबड चालू होती. माझा चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे धावणं, दुपारी अभ्यास, संध्याकाळी जिम. वजन साठ किलो. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो असताना त्यानं हळूच विचारलं, "दादा, तू एवढा शिकून राह्यला, मले एकच सांग. पावडर घेऊ का नको?"

प्रश्न साधा वाटला तरी साधा नव्हता. दोन किलोच्या डब्याची जी किंमत त्याला जिममध्ये सांगितली होती, ती जवळपास एक क्विंटल सोयाबीनच्या पैशांएवढी होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्याही खाली होता. म्हणजे डबा घ्यायचा तर काकांनी एक क्विंटल त्याच्या नावानं बाजूला काढायचं. आणि डबा काही एकदाच लागत नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी, आहारतज्ज्ञ नाही. पण 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी मला वेगळीच शंका आली : हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला कुठून? संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हीच आजच्या लेखाची गोष्ट आहे. प्रश्नालाही इतिहास असतो. तो माहीत नसेल तर आपण दुसऱ्या कुणीतरी आखून दिलेल्या चौकटीतच उत्तर शोधत बसतो.

प्रश्नाचा जन्म : जर्मनी आणि एक डोंगर

'ताकद म्हणजे प्रोटीन' हे समीकरण जिमवाल्यांनी काढलेलं नाही. १८४०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यानं मांडलं की स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःतलंच प्रोटीन जाळतात. कष्ट जास्त तर प्रोटीन जास्त, असा सरळ हिशोब. पुढे याच लीबिगच्या नावानं मांसाचा अर्क बाटल्यांत भरून जगभर विकला गेला. म्हणजे सिद्धान्त आणि दुकान यांची सोबत पहिल्यापासूनची आहे.

मग १८६५ साली आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस या दोघांनी गंमतच केली. आदल्या दिवसापासून प्रोटीन नसलेलं अन्न खायचं ठरवलं, फक्त पिष्ट, चरबी आणि साखर, आणि स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. चढताना आणि नंतर स्वतःची लघवी गोळा करून त्यातला नायट्रोजन मोजला. किती प्रोटीन जळलं ते त्यावरून कळतं. निघालं असं की जळलेल्या प्रोटीनमधून मिळालेली ऊर्जा डोंगर चढायला पुरेशीच नव्हती. इंधन दुसरंच होतं.

तरीही कल्पना मेली नाही. कार्ल फॉन फॉइट यानं काम करणाऱ्या माणसाला रोज ११८ ग्रॅम प्रोटीन हवं असं सांगितलं. हा आकडा मुख्यतः तिथली माणसं प्रत्यक्ष काय खातात ते पाहून काढलेला होता. इथे थांबून एक नोंद करा : लोक जे खातात ते आणि लोकांना जे लागतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यानं १९०४ साली हाच फरक दाखवला. सैनिक, खेळाडू आणि प्राध्यापक यांना त्यानं काही महिने फॉइटच्या आकड्याच्या साधारण निम्म्या प्रोटीनवर ठेवलं. त्यांची ताकद घटली नाही.

प्रश्न भारतात येतो

आपल्याकडे 'सप्लिमेंट' हा शब्द नव्हता, पण 'खुराक' होता. तालमीतल्या पैलवानाचं दूध, तूप, बदाम, थंडाई हे घरच्या जेवणापेक्षा वेगळं, वरचं अन्न. आणि ते परवडायला आश्रयदाता लागायचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, त्या काळात खुराकाचा भार दरबार उचलत असे. संस्थानं गेली, तालमीतल्या पोराचा खुराक त्याच्या बापाच्या शेतावर आला. खुराक घ्यावा का, या प्रश्नाच्या पोटात 'पैसे कोण देणार' हा प्रश्न कायम दडलेला असतो. आमच्या ओट्यावरही तोच होता.

त्याच सुमारास शरीरसौष्ठवाचा पहिला जागतिक तारा युजीन सँडो भारतात येऊन गेला, १९०४-०५ मध्ये. पुढे त्यानं स्वतःच्या नावाचा कोकोही बाजारात आणला. पिळदार शरीर दाखवायचं आणि शेजारी डबा ठेवायचा ही जाहिरातीची रीत तेव्हापासूनची.

पण भारतात या प्रश्नाला एक वेगळंच वळण लागलं. कलकत्त्यात काम करणाऱ्या डी. मॅके या ब्रिटिश डॉक्टरानं १९१२ साली पुस्तक लिहून असं मांडलं की बंगाली माणूस शिखापेक्षा किंवा युरोपियनापेक्षा दुबळा, कारण त्याच्या आहारात प्रोटीन कमी. पुढे १९२०च्या दशकात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन यानं उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचा आहार दिला. उंदरांच्या वाढीवरून क्रमवारी लागली : शीख पहिला, पठाण दुसरा, मराठा तिसरा, खाली बंगाली, सगळ्यात शेवटी मद्रासी.

तिसरा नंबर वाचून आपली छाती फुगते, ते सोडून द्या. संशोधक म्हणून काय दिसतं ते बघा. मॅककॅरिसनचं शास्त्र टाकाऊ नव्हतं. दूध, भाज्या, अख्खं धान्य यांचं महत्त्व त्यानं नीट दाखवलं. पण ज्या क्रमानं सरकार काही जातीजमातींना 'लढवय्ये' मानून सैन्यात घेत होतं, जवळपास तोच क्रम उंदरांच्या पिंजऱ्यात दिसला. एका समाजात गरीब आणि श्रीमंत एकच जेवण जेवतात, हे गृहीतक त्या प्रयोगाच्या मुळाशी होतं. समाजाचा आहार मोजला, पण त्या समाजात कुणाला पोटभर मिळतं आणि कुणाला नाही, हे मोजलंच नाही.

एका मराठी माणसानं प्रश्न उलटा केला

दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर 'प्रोटीनची दरी' हा शब्द घुमायला लागला. गरीब देशांची मुलं अशक्त, कारण त्यांना प्रोटीन कमी. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांचा प्रोटीन सल्लागार गट स्थापन झाला. १९६८ साली तर 'येऊ घातलेलं प्रोटीन संकट' टाळण्यासाठी अहवाल निघाला. मासळीची पूड, शेंगदाण्याचं पीठ, निरनिराळी प्रोटीनयुक्त मिश्रणं यांवर पैसा आणि मेहनत ओतली गेली. थोडक्यात, गरिबीवर पावडरचा उतारा.

या काळात रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. आहारशास्त्रज्ञ नव्हे, संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी सरासरी बाजूला ठेवली आणि माणसागणिक आकडे बघितले. ज्यांना प्रोटीन कमी पडतं, त्यांना उष्मांकही कमी पडतात का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' होतं. तृणधान्य आणि डाळ खाणाऱ्या माणसाला पोटभर मिळालं तर प्रोटीन साधारणपणे भागतं. पोटभर मिळालं नाही, तर शरीर असलेलं प्रोटीनही सरपणासारखं जाळून टाकतं. म्हणजे दरी प्रोटीनची नाही, भाकरीची आहे.

ते एकटे नव्हते. हैदराबादच्या संस्थेत सी. गोपालन यांनी १९६८ साली दाखवलं की कुपोषणाचे दोन वेगळे मानले गेलेले प्रकार एकाच आहारावरच्या मुलांत दिसतात. १९७३च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रौढांची प्रोटीनची गरज आधीपेक्षा कमी सांगितली गेली. १९७४ साली डोनाल्ड मॅकलॅरेन यानं 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रकरणाला प्रोटीनचा मोठा फज्जा म्हटलं.

इथे सुखात्मेंची आरती ओवाळून थांबू नका. पुण्यात परतल्यावर त्यांनी पुढचं पाऊल टाकलं : माणसाची गरज रोज बदलते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, म्हणून भुकेल्यांची संख्या सांगितली जाते तेवढी नाही. यावर वि. म. दांडेकर आणि गोपालन यांच्यासारख्यांनी कडाडून टीका केली. एकाच माणसाचं एक म्हणणं टिकतं, दुसरं वादात सापडतं. नाव बघून मान डोलवायची नाही, युक्तिवाद बघायचा.

मग आजचं उत्तर काय?

वरचा इतिहास वाचून 'पावडर म्हणजे थोतांड' असं म्हणाल तर तीही घाईच. सुखात्मेंचा प्रश्न जगण्यापुरत्या गरजेचा होता. जिममधल्या पोराचा प्रश्न स्नायू वाढवण्याचा आहे. दोन्हींना एकच आकडा लावता येत नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. साठ किलोला पन्नास ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांवरच्या ४९ चाचण्या एकत्र करून मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की जादा प्रोटीनचा फायदा होतो, पण किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे तो थांबतो. आणि फायदा किती? सरासरी तेरा आठवड्यांच्या व्यायामात चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे ०.३ किलो जास्त वाढलं. खरी वाढ व्यायामानं होते, जादा प्रोटीन वरची चिमूटभर भर घालतं. क्रिएटिनसारख्या एखाद्या पदार्थाचा ताकदीला थोडा उपयोग होतो याचे पुरावे चांगले आहेत, पण तोही व्यायामाच्या जागी चालत नाही.

आता साठ किलोला १.६ प्रमाणे ९६ ग्रॅम झाले. आम्ही दोघांनी ओट्यावरच भावाच्या जेवणाचा कच्चा हिशोब मांडला. दिवसभरात ज्वारीचं ४०० ग्रॅम पीठ, म्हणजे ४० ग्रॅम. तुरीची डाळ ७५ ग्रॅम, त्यातून १६. भिजवलेला हरभरा ५० ग्रॅम, १०. मूठभर शेंगदाणे, ७. अर्धा लिटर दूध, १६. दोन अंडी, १२. बेरीज १०१. ज्वारीतलं प्रोटीन पूर्ण पचत नाही, म्हणून थोडं वजा करा. पण भाकरीत जे अमिनो आम्ल कमी ते वरणात असतं आणि वरणात जे कमी ते भाकरीत, त्यामुळे दोन्ही मिळून काम भागतं.

खरी अडचण पुढे निघाली. "दूध अर्धा लिटर कुठून आलं?" भावानं विचारलं. तो सकाळी चहा आणि बिस्किटावर धावायला जातो, दुपारी लायब्ररीत वडापाव खातो. त्याच्या ताटात हरभरा, दूध, अंडी नव्हतीच. म्हणजे 'पावडर का जेवण' अशी निवड तो करत नव्हता. जेवणात पडलेलं भोक तो पावडरनं बुजवायला निघाला होता. सुखात्मेंनी दाखवलेली दरी वेगळ्या रूपात आमच्या ओट्यावर होती.

आणि त्या डब्यात लिहिलंय तेवढं असेलच असंही नाही. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर घेणं टाळा असं सांगितलं गेलं.

पोत्यातलं प्रोटीन

निघताना अंगणात पोती रचलेली होती. सोयाबीनमध्ये ३६ ते ४० टक्के प्रोटीन असतं. एका क्विंटलमध्ये किमान ३६ किलो. त्या किमतीत येणाऱ्या डब्यात, लेबल खरं मानलं तरी, दीड किलोच्या आसपास. आपल्या भागातून सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातं, तेल निघाल्यावर उरलेली प्रोटीनची पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपण पिकवतो, पण आपल्या ताटात ते फारसं येत नाही. सोयाबीन कच्चं खायचं नसतं, नीट शिजवून किंवा भाजूनच. किराणा दुकानातल्या सोयाबीन वड्या हा त्याहून सोपा मार्ग.

भावाला मी शेवटी 'नको' असं म्हटलं नाही. म्हटलं, आधी तीन महिने हरभरा, दूध, अंडी, वड्या सुरू कर, वहीत लिहीत जा. तरी कमी पडलं तर बोलू, आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी हरभरा भिजत घातला. काकांनी ते एक क्विंटल इतर पोत्यांबरोबरच बाजारात पाठवलं.

तुमच्यासाठी एवढंच. विषय निवडताना 'क्ष उपयोगी आहे का?' असा प्रश्न मनात आला, की त्याला तीन उपप्रश्न विचारून बघा. कुणासाठी? कशाच्या तुलनेत? आणि हा प्रश्न पहिल्यांदा कुणी, कशासाठी विचारला? मॅककॅरिसननं पहिला नीट विचारला नाही, फॉइटनं दुसरा. तिसरा आपण विचारायचा असतो, कारण इतिहासाचं काम तिथूनच सुरू होतं.