मिक शुमाखर

मिक शुमाखर (जन्म: २२ मार्च, १९९९) हा एक जर्मन मोटार शर्यत चालक आहे. फॉर्म्युला वनचे सात वेळचे जगज्जेते मिखाएल शुमाखर यांचा तो मुलगा होय. त्याने २०१८ मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्री आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टू या मालिकांचे अजिंक्यपद मिळवले. २०२१ व २०२२ या दोन हंगामांत तो हास संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये सहभागी झाला. राल्फ शुमाखर हे त्याचे काका.

सुरुवातीचे जीवन

मिकचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये झाला. वडिलांचा कीर्तिकाळ ऐन भरात असताना त्याचे बालपण गेले. २००० ते २००४ अशी सलग पाच अजिंक्यपदे मिखाएल यांनी फेरारीकडून मिळवली, तेव्हा मिक शाळेतही जेमतेम जाऊ लागला होता. मोठी बहीण जीना-मारिया हिने पुढे घोडेस्वारीचे क्षेत्र निवडले.

२००८ मध्ये मिक कार्टिंगच्या स्पर्धांत उतरला. शुमाखर हे आडनाव वाचताच गर्दी व छायाचित्रकार जमतील, म्हणून आई कोरिना यांचे माहेरचे आडनाव लावून तो ‘मिक बेट्श’ या नावाने खेळे. पुढे काही काळ त्याने ‘मिक ज्युनियर’ हे नाव वापरले.

२९ डिसेंबर, २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे स्कीइंग करताना मिखाएल यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. त्या वेळी चौदा वर्षांचा मिक त्यांच्यासोबत होता. तेव्हापासून मिखाएल सार्वजनिक जीवनात दिसलेले नाहीत. त्यांच्या प्रकृतीविषयी कुटुंबाने कटाक्षाने मौन पाळले आहे. मिकची शर्यतीतील खरी कारकीर्द या अपघातानंतर घडली. त्यामुळे ज्यांच्या वाटेने तो निघाला, त्यांचे मार्गदर्शन त्याला व्यावसायिक चालक म्हणून लाभू शकले नाही.

कनिष्ठ गटांतील कारकीर्द

२०१५ मध्ये मिकने जर्मनीच्या फॉर्म्युला फोर मालिकेत पदार्पण केले. पुढील वर्षी प्रेमा संघाकडून तो जर्मन व इटालियन या दोन्ही फॉर्म्युला फोर मालिकांत उपविजेता ठरला. २०१६-१७ च्या हिवाळ्यात त्याने भारतीय टायर उत्पादकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एमआरएफ चॅलेंज मालिकेत भाग घेतला व तिसरे स्थान मिळवले.

युरोपियन फॉर्म्युला थ्रीमधील २०१७ चा पहिला हंगाम त्याला बाराव्या क्रमांकावर संपवावा लागला. २०१८ मध्येही पहिल्या चार फेऱ्यांत त्याला विजय मिळाला नाही. पहिला विजय बेल्जियममधील स्पा येथे मिळाला. याच मार्गावर वडिलांनी १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले होते आणि १९९२ मध्ये पहिली शर्यत जिंकली होती. त्यानंतर मिकने एकूण आठ विजयांसह अजिंक्यपद पटकावले.

२०१९ मध्ये तो फेरारीच्या चालक अकादमीत दाखल झाला. फॉर्म्युला टूच्या पहिल्या वर्षी तो बारावा आला, तर दुसऱ्या वर्षी विजेता ठरला. २०२० च्या त्या हंगामात त्याने केवळ दोन शर्यती जिंकल्या. मात्र सातत्याने गुण मिळवल्यामुळे २१५ गुणांसह त्याने कॅलम आयलटला १४ गुणांनी मागे टाकले. पहिल्या वर्षी चाचपडणे व दुसऱ्या वर्षी जिंकणे, हा क्रम दोन्ही मालिकांत दिसून येतो.

फॉर्म्युला वन

२०२१ मध्ये हास संघाने त्या वर्षीच्या गाडीच्या सुधारणेवर फारसे लक्ष न देता पुढील वर्षाच्या नव्या नियमांची तयारी केली. त्यामुळे मिकची गाडी बहुधा शेवटच्या रांगेत राहिली व त्याला एकही गुण मिळाला नाही.

२०२२ मध्ये गाडी सुधारली, परंतु मिकचे मोठे अपघात झाले. जेद्दा येथे पात्रता फेरीतील अपघातामुळे त्याला मुख्य शर्यतीस मुकावे लागले, तर मोनॅको येथे त्याच्या गाडीचे दोन तुकडे झाले. ३ जुलै रोजी सिल्व्हरस्टोन येथे आठवा येऊन त्याने कारकिर्दीतील पहिले गुण मिळवले. पुढच्याच आठवड्यात ऑस्ट्रियात तो सहावा आला. हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी होय. हंगामअखेरीस त्याच्या खात्यात १२ गुण होते. २०२३ साठी हासने त्याच्या जागी निको हुल्केनबर्गची निवड केली.

नंतरची कारकीर्द

२०२३ मध्ये मिक मर्सिडीज संघाचा राखीव चालक झाला. २०२४ पासून त्याने अल्पीन संघाकडून दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेत भाग घेतला आणि त्याच वर्षी जपानमधील फुजी येथे सहकाऱ्यांसह तिसरे स्थान मिळवले. २०२६ च्या हंगामासाठी अमेरिकेतील इंडीकार मालिकेत रॅहाल लेटरमन लॅनिगन संघाने त्याला करारबद्ध केले.

वडिलांचा वारसा

ऑगस्ट २०१७ मध्ये स्पा येथे वडिलांच्या पहिल्या विजयास २५ वर्षे झाल्यानिमित्त मिकने त्यांची १९९४ ची बेनेटन गाडी चालवली. ऑक्टोबर २०२० मध्ये न्युर्बुर्गरिंग येथे लुइस हॅमिल्टनने मिखाएल यांच्या ९१ विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली, तेव्हा वडिलांचे हेल्मेट हॅमिल्टनच्या हाती देण्याचे कामही मिकनेच केले.

९१ विजय आणि सात अजिंक्यपदे यांच्याशी होणारी तुलना मिकला टाळता आली नाही. या आडनावामुळे त्याच्यासाठी दारे लवकर उघडली, हे खरे. परंतु त्याच नावामुळे त्याची प्रत्येक चूक जगभर पाहिली गेली. २०२१ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘शुमाखर’ या माहितीपटात त्याने सांगितले की, आता आपण व वडील शर्यतीची एकच भाषा बोलू शकलो असतो, आणि तेवढ्या संभाषणासाठी आपण सर्व काही सोडून देऊ.