एक पळी, दोन वाढपी

बास्केटबॉलमधला पॉइंट गार्ड म्हणजे नेमका कोण, असं कुणी विचारलं की मी पंगतीतल्या वाढप्याचं उदाहरण देतो. स्वयंपाक त्याने केलेला नसतो, जेवायलाही तो शेवटीच बसतो. पण कुणाच्या पानात काय आणि कधी पडणार हे तोच ठरवतो. लोक म्हणतात, काय उदार माणूस! उदार असतोच, पण पळी त्याच्या हातात असते हे विसरायचं नाही. आता अशा पंगतीत पळी हाती धरायची सवय असलेला दुसरा कुणी आला तर?

अमेरिकेतल्या एनबीएमध्ये २०१२ साली हेच झालं.

वाढपी होता स्टीव्ह नॅश. जन्म जोहान्सबर्गचा, वाढला कॅनडात. फिनिक्स सन्सकडून खेळताना २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची पद्धत बघण्यासारखी होती. सहकाऱ्याने आडोसा धरायचा, नॅशने टप्पे देत त्याच्या कडेने आत शिरायचं, वाट बंद दिसली तरी टप्पा न थांबवता बास्केटखालून पलीकडे निघायचं. त्याला अडवायला दोघं-तिघं ओढले गेले, की मागे मोकळा राहिलेल्या भिडूकडे अलगद चेंडू. बऱ्याच मोसमांत सामन्यामागे ११ च्या वर असिस्ट त्याने असेच दिले.

दुसरा होता कोबी ब्रायंट. गंमत म्हणजे दोघंही १९९६ च्या एकाच ड्राफ्टमधले, कोबी १३ वा आणि नॅश १५ वा. पण स्वभाव दोन टोकांचे. कोबी चेंडू हातात घ्यायचा, समोरच्याला जोखायचा आणि मग बहुतेक वेळा स्वतःच निकाल लावायचा. जानेवारी २००६ मध्ये टोरांटोविरुद्ध त्याने एकट्याने ८१ गुण केले होते.

जुलै २०१२ मध्ये ३८ वर्षांचा नॅश कोबीच्या लॉस एंजेलिस लेकर्समध्ये आला. ऑगस्टमध्ये ड्वाइट हॉवर्डही आला. कागदावर एवढा संघ म्हणजे किताब घरी आल्यासारखाच. पण एका वेळी संघाला मिळतात २४ सेकंद, आणि चेंडू एकच. त्यातले पंधरा सेकंद नॅशला हवेत आणि पंधरा कोबीला, हे गणित कुठल्या कागदावर बसणार?

झालं ते असं. दुसऱ्याच सामन्यात नॅशच्या पायाचं हाड मोडलं आणि तो दोन महिने जवळजवळ बाहेरच राहिला. पहिल्या पाचपैकी चार सामने हरल्यावर प्रशिक्षक माइक ब्राऊनची गच्छंती झाली. त्याच्या जागी माइक डँटोनी आला, म्हणजे फिनिक्समधला नॅशचाच गुरू. आता घडी बसेल असं वाटलं. डिसेंबरअखेर नॅश परतलाही, पण जानेवारीत लेकर्स १७ विजय आणि २५ पराभव इथवर घसरले.

मग जे झालं ते मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कोबीने वाढायला सुरुवात केली. २५ जानेवारीला युटाविरुद्ध १४ असिस्ट, २७ ला ओक्लाहोमाविरुद्ध पुन्हा १४. उरलेल्या ४० सामन्यांत संघाने २८ जिंकले. आणि नॅश? तो बऱ्याचदा कडेला उभा, आलाच चेंडू तर लांबून फेकायला. तीन गुणांच्या फेकींत त्याचं यश जवळजवळ ४४ टक्के, म्हणून त्याच्यावरचा पहारेकरी त्याला सोडून कोबीच्या वाटेत येऊ शकत नसे. उपयोग होता, नाही असं नाही. पण असिस्टची सरासरी ६.७ वर आली. संघ सावरला तो जगातल्या उत्तम वाढप्याने पळी खाली ठेवल्यावर! एप्रिलमध्ये कोबीच्या टाचेची शीर तुटली, प्लेऑफमध्ये सॅन अँटोनियोने ४-० ने धुतलं आणि खेळ खलास.

तुम्ही म्हणाल, वय झालं होतं, दुखापती होत्या. खरंच आहे. पण जेसन किडकडे बघा. तोही पास देणाराच, नॅशपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. २०११ मध्ये डॅलसकडून, डर्क नोवित्स्कीच्या जोडीने, त्याने ३८ व्या वर्षी किताब मिळवला. फरक असा, की किडला चेंडू फार वेळ धरायला लागायचा नाही. दिसलेली फट तो क्षणात साधायचा आणि बाजूला व्हायचा. तरुणपणी त्याच्या तीन गुणांच्या फेकी कशाबशा २७ टक्के बसायच्या. डॅलसमध्ये २००९-१० साली ते प्रमाण ४२ च्या वर गेलं. म्हणजे हातात चेंडू नसतानाही प्रतिस्पर्ध्याने आपल्याला मोकळं सोडू नये, याची सोय त्याने करून ठेवली होती.

फट बघणं वेगळं आणि फट निर्माण करणं वेगळं. किड मुख्यतः बघायचा, नॅश निर्माण करायचा. निर्माण करणाऱ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो. 'निःस्वार्थी खेळाडू' असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा हा भेद हरवतो. निःस्वार्थी माणूस कुठेही सामावला जाईल असं आपण गृहीत धरतो, आणि नाही सामावला तर नवल करतो.

मी यात कोबीला दोष देत नाही, नॅशला तर नाहीच. पळी एक असताना दोन वाढपी बोलावणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा होता, इतकंच. नॅशने मार्च २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. २०१८ साली नॅश आणि किड दोघांनाही एकाच समारंभात हॉल ऑफ फेममध्ये मानाचं पान मिळालं. तिथे मात्र दोघांना पुरेशी जागा होती.