पादचारी, रस्ता आणि भ्रमणध्वनी : नांदेड व लातूर शहरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शहरांचा इतिहास राजवटी, वास्तू आणि बाजारपेठा यांच्या आधारे लिहिला जातो. त्या शहरात माणूस रस्ता कसा ओलांडत होता, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. आज भ्रमणध्वनीत गुंतलेल्या पादचाऱ्यास अपघाताचा दोष दिला जातो. हा दोष कितपत त्याचा, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पायी चालणाऱ्यांची शहरे :
ही दोन्ही शहरे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार वसलेल्या लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर व सभोवती पेठा ही रचना ग्राहक, हमाल आणि बैलगाडी यांच्या गतीस साजेशी होती. गोदाकाठच्या नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या १७०८ मधील निर्वाणामुळे तीर्थाचे महत्त्व आले. अशा शहरांत डोळा आणि कान हेच पादचाऱ्याचे संरक्षण होते.

रस्त्याचे बदलते स्वरूप :
लातूर १९८२ मध्ये जिल्ह्याचे ठाणे झाले. नांदेडला १९९७ मध्ये, तर लातूरला २०११ मध्ये महानगरपालिका आली. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचे अनेक रस्ते रुंद झाले. रुंदीकरण वाहनांस सोयीचे ठरते. पायी ओलांडणाऱ्याचे अंतर मात्र वाढते. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्यास १२ मीटर रस्ता ओलांडण्यास १० सेकंद लागतात.

भ्रमणध्वनीचे आगमन :
भारतातील पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यात झाला. प्रारंभी हे केवळ बोलण्याचे साधन होते. पुढे पडद्याने डोळा आणि कानातील यंत्राने कान व्यापला. म्हणजे पादचाऱ्याची दोन्ही जुनी संरक्षणे एकाच वेळी दुबळी झाली. तीन सेकंद संदेश वाचेपर्यंत ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे ३३ मीटर पुढे येते. २०१७ मध्ये अमेरिकेतील होनोलुलू शहराने रस्ता ओलांडताना पडद्याकडे पाहणाऱ्यास दंड ठरविला. भारतात २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने चालकाने हातात उपकरण धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात गणले. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते.

निष्कर्ष :
पादचाऱ्याचे अवधान पूर्वीही क्वचित ढळत असे. परंतु बैलगाडीच्या गतीत त्या चुकीस क्षमा होती, आजच्या वेगात ती नाही. म्हणून केवळ दंड वा उपदेश पुरेसा नाही. पदपथ हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. अतिक्रमणमुक्त पदपथ, उंचावलेले पट्टे, दुभाजकात थांबण्याची जागा, वृद्धांच्या गतीने ठरविलेला सिग्नलचा कालावधी आणि खाली झुकलेल्या नजरेस दिसतील असे जमिनीलगतचे दिवे हे उपाय शाळा, शिकवणी वर्ग व तीर्थस्थळांच्या परिसरात प्रथम व्हावेत. पादचाऱ्यानेही पडदा पाहायचा असल्यास कडेला थांबावे. चुकणाऱ्या माणसाचाही जीव वाचविणारा रस्ता हीच शहराच्या प्रगतीची खरी कसोटी होय.