लिव्हरला मार लागल्यावर सोनोग्राफीत काय पाहतात?

उसाच्या हंगामात अहिल्यानगर जिल्ह्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीवर दुचाकी आदळण्याचे अपघात नवे नाहीत. पोटावर साधं खरचटलेलंही नसतं, पण उजव्या बरगड्यांखालचं यकृत, म्हणजे लिव्हर, फाटलेलं असू शकतं. अशा वेळी डॉक्टर 'फास्ट' सोनोग्राफी करतात. रुग्ण उताणा असला की रक्त यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधल्या खोलगट जागेत साचतं. स्क्रीनवर तिथे काळा पट्टा दिसतो. काम काही मिनिटांचं. पण साधारण 200 मिलिलिटरपेक्षा कमी रक्त यात निसटू शकतं, आणि यकृताची जखम किती खोल आहे हे सीटी स्कॅनमध्येच नीट कळतं. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' ऐकताच घरी जायची घाई करू नका. चक्कर, घाम, पोटात किंवा उजव्या खांद्यात दुखणं जाणवलं तर लगेच सांगा. सोनोग्राफी पुन्हा करता येते.