गाडीला मेण लावायचं फडकं आणि पॅड: धुवायचं कसं, पुन्हा कुठवर वापरायचं, टाकायचं कधी

बुलढाणा: दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावोगावी एकच देखावा असतो. अंगणात, हापशीजवळ गाड्या उभ्या. कुठं ट्रॅक्टर, कुठं बोलेरो, कुठं हप्त्यावर घेतलेली नवी कोरी मोटारसायकल. धुऊन झालं की डबीतलं मेण, म्हणजे वॅक्स पॉलिश, बाहेर निघतं. गाडी चकाचक होते, झेंडूची माळ चढते. आणि ज्या फडक्यानं हे सगळं केलं, ते जातं सीटखाली, पान्या-जॅकच्या सोबतीला. पुढच्या वेळी तेच फडकं निघतं. कडक झालेलं, धूळ खाल्लेलं. आणि पुन्हा तेच गाडीवर फिरतं.

गाडीचं नुकसान होतं ते इथं. चारचाकीच्या रंगावर वरून एक पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मा. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्याची, खडी क्रशरची, शेतरस्त्याची धूळ फडक्यात अडकली की तेच फडकं बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतं. उन्हात गाडी तिरकी पाहिली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल-गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक फडक्याचेच असतात, रस्त्याचे नाहीत. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्या गाडीवर लपत नाहीत. आमच्या घरच्या काळ्या गाडीचं बॉनेट असंच गेलं. दोष मेणाला देत बसलो होतो, खरा चोर डिक्कीतली चिंधी निघाली.

आधी फडकं ओळखा

बाजारात मिळणारं रंगीबेरंगी मऊ फडकं म्हणजे मायक्रोफायबर. ते साधारण ८० टक्के पॉलिस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, असं बनलेलं असतं. धागा इतका बारीक चिरलेला असतो की धूळ आणि मेण दोन्ही त्याच्या फटीत ओढलं जातं. हा त्याचा गुण, आणि हाच दोष. जे पटकन ओढतं ते पटकन सोडत नाही.

सगळंच मायक्रोफायबर खरं नसतं. कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवून पहा, अंगणात आणि फडक्यापासून लांब. सुताचा धागा कागदासारखा जळून राख होते. मायक्रोफायबर वितळून त्याचा कडक मणी होतो.

घरचं जुनं सुती कापड चालतं का? चालतं. जुनं धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन मेण लावायला चांगलं. फक्त शिवण, गुंडी, काज, चेन असलेला भाग कापून टाका. जीन्स, टेरिकॉट आणि जरीच्या काठाची साडी गाडीला लावू नका. नव्या मायक्रोफायबरचा कडेचा लेबलचा तुकडाही कापा, तोही ओरखडा देतो.

धुवायचं कसं

पहिली गोष्ट: मेण वाळायच्या आत धुवा. डबीतल्या मेणात बऱ्याचदा कार्नोबा असतं, हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. म्हणून नुसत्या कोमट पाण्यात फडकं कितीही खळबळलं तरी मेण निघत नाही. पाणी तेवढं गरम केलं तर मेण सुटेल, पण फडक्याचा धागा आखडेल. म्हणून उष्णतेवर नाही, साबणावर भर द्यायचा.

आधी फडकं झटकून घ्या. मग मेणाच्या डागांवर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका आणि फडकं फडक्यावरच चोळा. ब्रश, दगड नको. नंतर एक बादली कोमट पाणी, हाताला सोसेल इतकं, त्यात दोन चमचे कपड्याचं लिक्विड. अर्धा तास भिजवा, हातानं दाबून धुवा, फेस येणं बंद होईपर्यंत खळबळा. पावडर घेतलीच तर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा. न विरघळलेला दाणा धाग्यात राहिला तर पुढच्या वेळी तोच रंगावर घासला जाईल.

काय टाकू नये हे जास्त महत्त्वाचं. कपडे मऊ आणि सुवासिक करणारं द्रव टाकू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो, फडकं पाणी ओढत नाही आणि काचेवर पट्टे पाडतं. ब्लीच नको, इस्त्री नको. टॉवेल, चादर, सुती कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकू नका, त्यांचे सुताचे बोंड या फडक्याला चिकटतात. फक्त मायक्रोफायबर एकत्र असेल तर मशीन चालते.

वाळत घालताना तारेवर, सावलीत. रस्त्याकडेच्या कुंपणावर टाकलं तर संध्याकाळपर्यंत टिप्पर आणि एसटी त्यावर पुन्हा धूळ चढवून जातात, सगळी मेहनत पाण्यात.

खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत बोअरचं पाणी खारं आहे हे वेगळं सांगायला नको. घाटावर चिखली, मेहकरकडंही अनेक बोअरचं पाणी जड आहे. इथं दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांची गल्लत होते.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वडीच्या साबणाशी मिळून पांढरा चिकट साका तयार होतो. फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण घासतो, आणि साका आणखी वाढतो. तो फडक्यात बसतो, फडकं वाळलं की पुठ्ठ्यासारखं होतं. उपाय असा: वडी सोडा, लिक्विड वापरा. पाणी फारच जड असेल तर बादलीत एक चमचा धुण्याचा सोडा टाकून तासभर तसंच राहू द्या. खाली गाळ बसतो, वरचं निवळ पाणी धुण्याला घ्या. आधीच कडक झालेल्या फडक्याला अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर, किंवा गाळलेला दोन लिंबांचा रस टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यातून काढा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

दुसरी अडचण मिठाची. खाऱ्या पाण्यातलं मीठ सोड्यानं जात नाही. फडकं वाळलं की मीठ धाग्यात उरतं आणि पुसताना गाडीवर पांढरट पट्टे येतात. त्याला एकच इलाज, शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात. चार फडक्यांना अर्धी बादली पुरते. पावसाळ्यात पत्र्यावरून साठवलेलं पाणी यासाठी उत्तम.

टँकरच्या दिवसांत कुणी म्हणेल, प्यायला पाणी नाही आणि फडकी काय धुता! बरोबर आहे. तेव्हा मेण लावून झाल्याबरोबर दोन मग पाण्यात लिक्विड टाकून फडकं दाबून काढा आणि वाळवा. पूर्ण धुणं चार-पाच फडकी साठली की एकदाच. हे पाणी गुरांच्या हौदात, विहिरीच्या काठी किंवा नाल्यात ओतू नका. मेण आणि साबणासोबत फडक्यातले प्लास्टिकचे बारीक धागेही त्यात असतात. घरचा शोषखड्डा असेल तर तिथं, नाहीतर पाण्यापासून लांब, कोरड्या मोकळ्या जागेवर.

गोल पॅडचं काय?

डबीसोबत येणारा छोटा फोमचा पॅड हातानं दाबून धुवायचा. पिळायचा नाही. पिळला की आतून फाटतो आणि चुरा व्हायला लागतो. साबणाच्या पाण्यात दाबा-सोडा, दाबा-सोडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. लगेच धुणं जमत नसेल तर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे मेण आत वाळत नाही. पण रात्रभर विसरू नका, वास मारतो.

मशीनला लागणारे पॅड मागून चिकटपट्टीनं जोडलेले असतात. फार गरम पाण्यानं आणि मे महिन्याच्या उन्हानं तो गोंद सुटतो. म्हणून पत्र्यावर वाळवू नका. सावलीत, पाणी निथळेल असा उभा ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच वापरा. आतून ओला पॅड मेण नीट पसरवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रबिंग कंपाउंड आणि मेण यांना एकच पॅड वापरणं. कंपाउंड हा घासणारा माल आहे, त्याचे कण धुऊनही पूर्ण निघतील याची खात्री नसते. दोन पॅड वेगळेच हवेत. तसंच टायरच्या काळ्या पॉलिशचं, इंजिनच्या ग्रीसचं, चेनचं फडकं पुन्हा रंगावर कधीच नाही. ओळख राहावी म्हणून टेलरकडून कोपऱ्याला रंगीत टाका मारून घ्या: लाल टायरचा, निळा काचेचा, पांढरा रंगाचा. फवारणीच्या पंपाला लागलेलं फडकं तर कशालाच नको, ना गाडीला ना घराला.

सिरॅमिक कोटिंग लावलेलं फडकं मात्र धुवायच्या भानगडीत पडू नका. ते द्रव धाग्यात काचेसारखं कडक होतं आणि साबणानं निघत नाही. एकदा वापरलं, टाकलं.

पेट्रोल, रॉकेल नको

पेट्रोलात मेण झटकन सुटतं, म्हणून बरेच जण पॅड त्यातच बुडवतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीवरून पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत, पेटत्या बिडीपर्यंत पोचते. शिवाय फोम फुगून खराब होतो, हाताची कातडी सोलते. चार थेंब लिक्विडनं होणाऱ्या कामाला एवढी जोखीम कशाला?

त्याहून कमी लोकांना माहीत असलेला धोका जवसाच्या तेलाचा आहे. गाडीचं फडकं अनेक घरांत ट्रॉलीच्या फळ्यांना, दाराच्या चौकटीला, बैलगाडीला तेल लावायलाही वापरतात. साधं कार वॅक्स आपोआप पेटत नाही, पण जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन ओढतं आणि गरम होतं. फडकं पसरून टाकलं तर ही उष्णता निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात फेकलं तर आतल्या आत साठत जाते आणि काही तासांत, काडी नाही, ठिणगी नाही, फडकं पेटतं. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ३८ मजल्यांच्या इमारतीला अशीच आग लागली होती. लाकडी कामाला जवसाचं तेल लावून कामगारांनी चिंध्या २२ व्या मजल्यावर ठेवल्या होत्या. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले.

आता आपल्याकडं ही चिंधी कुठं फेकली जाते ते आठवा. गोठ्यात, कुटाराच्या ढिगाशेजारी, घरात भरलेल्या कापसाजवळ. असं फडकं मोकळ्या जागी, एकेरी पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

पुन्हा वापरण्याजोगं आहे का?

दोन साध्या चाचण्या. वाळलेल्या फडक्यावर पाण्याचा थेंब टाका. आत गेला तर ठीक, मोत्यासारखा वर बसून राहिला तर मेण अजून आत आहे, पुन्हा धुवा. दुसरी, खराब झालेल्या सीडीच्या चकचकीत बाजूवर फडकं थोडं दाबून फिरवा आणि उजेडात पहा. नवे ओरखडे आले तर ते रंगाच्या कामाचं राहिलं नाही. (लग्नाची सीडी घेऊ नका.)

वापरताना फडक्याची चौघडी करा, एका फडक्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. हातातून जमिनीवर पडलं तर झटकून पुन्हा वापरायचं नाही, थेट धुण्यात. धुतलेली फडकी झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत ठेवा, डिक्कीत मोकळी नको.

रंगाच्या कामातून उतरलेलं फडकं आधी डॅशबोर्डला, मग रिमला, मग टायरला आणि शेवटी इंजिनला, अशी त्याची पायरी उतरत जाते. फोमचा पॅड कडेनं चुरायला लागला किंवा मागची पट्टी सुटली की त्याचं काम संपलं. मायक्रोफायबर टाकताना धुऱ्यावर पऱ्हाटीसोबत पेटवू नका. ते प्लास्टिकच आहे, वितळून घाणेरडा धूर होतो. सुक्या कचऱ्यात बांधून घंटागाडीत द्या.