कॉल ऑफ कथुलू
अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांच्या कथाविश्वावर बेतलेला, टेबलाभोवती बसून संवादातून खेळायचा भूमिकाखेळ. सँडी पीटरसन यांनी रचलेला हा खेळ केऑसियम कंपनीने १९८१ मध्ये प्रकाशित केला. खेळाडू पत्रकार, प्राध्यापक, डॉक्टर अशा सामान्य माणसांच्या भूमिका घेऊन एखाद्या अमानवी गूढाचा छडा लावतात. प्रसंग रंगवणाऱ्या सूत्रधाराला ‘कीपर’ म्हणतात.

खेळाचा प्राण म्हणजे ‘सॅनिटी’, मनःस्वास्थ्याचे गुण. भयंकर काही दिसले की ते घटतात. शिवाय निषिद्ध ग्रंथांतून गूढाचे ज्ञान जसजसे वाढते, तसतशी या गुणांची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. रहस्य उलगडायला लागणारे ज्ञानच शोधकाला पोखरते. लव्हक्राफ्ट यांची जीवनदृष्टी साध्या आकडेमोडीत इतकी अचूक उतरवणे ही पीटरसन यांची असामान्य कामगिरी होय.

फासा विरुद्ध पडला की महत्त्वाचा धागा हुकतो आणि तपास खुंटतो, ही मात्र जुनी अडचण. केनेथ हाइट यांच्या ‘ट्रेल ऑफ कथुलू’ (२००८) या दुसऱ्या खेळात योग्य कौशल्य असलेल्या पात्राला मुख्य धागा फासा न टाकताच मिळतो; ही युक्ती रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीतली. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, शांघाय असा प्रवास घडवणारी ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ (१९८४) ही ‘कॉल ऑफ कथुलू’ची सर्वांत नावाजलेली मोहीम.