लिंगका संपेपर्यंत

७ ऑक्टोबर १९५०
चिनी फौज ड्रिछू नदी (पुढे जिला यांगत्से म्हणतात तीच) ओलांडून तिबेटच्या खाम प्रांतात शिरते. ल्हासात दलाई लामा पंधरा वर्षांचे. कारभार १९४१पासून राजप्रतिनिधी ताक्त्रा रिंपोछे पाहताहेत. त्यांच्याशी सत्तेवरून भांडलेले आधीचे राजप्रतिनिधी रेटिंग तीनच वर्षांपूर्वी पोताला राजवाड्याच्या कोठडीत मेले. परक्यांशी लढण्याआधी ल्हासा आपसातच लढून दमलं होतं.

११ ऑक्टोबर, रात्र
नदीवरची बातमी खामचं मुख्य ठाणं असलेल्या चाम्दोत पोचते. तिथले सुभेदार न्गाबो नवे. पूर्व सीमा सांभाळायला आलेल्या या गृहस्थांचा जीव आल्या दिवसापासून तडजोडीत. वायरलेसवाला इंग्रज रॉबर्ट फोर्ड सांगत होता, एक संच रिवोछेला ठेवा, परतीची वाट तिथूनच जाते. ऐकलं नाही.

१२ ऑक्टोबरपासून
ल्हासाला सांकेतिक तारा. एकीलाही उत्तर नाही.

१५ ऑक्टोबर
न्गाबोंचा सहायक त्सोगो वायरलेसवर ल्हासातल्या दुम्रा या अधिकाऱ्याला गाठतो. तारांचं काय झालं? दुम्रा सांगतो, काशागची, म्हणजे मंत्रिमंडळाची, लिंगका चालू आहे. तारा उलगडणं सुरू आहे, मग कळवतो. लिंगका म्हणजे बागेत तंबू ठोकून खाणंपिणं. त्सोगोने त्या लिंगकेला ल्हासाच्या दरबारात कधी ऐकू न आलेली शिवी हासडली आणि बोलणं तिथेच तुटलं.

चार दिवस आधी उत्तर आलं असतं तर चाम्दो वाचलं असतं का? मला नाही वाटत. समोर सुमारे ४०,००० सैनिक. तिबेटचं अवघं सैन्य ८,५००च्या आसपास. पण माघार घ्यायची की लढायचं, एवढं तरी ठरलं असतं. निर्णय घेणारा कोण, हेच तिथे कुणाला सांगता येत नव्हतं.

१६-१७ ऑक्टोबरच्या सुमारास
न्गाबो शहर सोडतात. फोर्डला निरोपही नाही. चिनी तुकड्या उत्तरेकडून वळसा घालून रिवोछेवर उतरलेल्या. पश्चिमेची वाट बंद.

१९ ऑक्टोबर
चाम्दो पडतं. ड्रुगू मठात न्गाबो शरण जातात, फोर्डही पकडला जातो.

१७ नोव्हेंबर
ताक्त्रा पायउतार. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती राज्य.

डिसेंबर
दलाई लामा रात्री ल्हासाहून सीमेजवळच्या यातुंगकडे निघतात. जाण्याआधी मागच्या कारभारासाठी दोघांची नेमणूक होते: गृहस्थ लुखांग्वा आणि भिक्षू लोबसांग ताशी. सत्ता पुन्हा राजाच्या जागी बसणाऱ्यांकडेच.